दमलेला पूल

"तुझा उरलेला अर्धा पूल मी रंगवू का?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! अनूक आणि फ्राउके, माझ्या वर्गातल्या दोन अवदसा, त्यांनी पैज लावून तो माझ्या तोंडात कोंबला होता. शुक्रवारची संध्याकाळ, कालव्याकाठचा कॅफे आणि पीत पीत चित्र काढायचा वर्ग. मोठ्यांना वाइन, आम्हा अठराच्या आतल्यांना गरम चॉकलेट. दोघांनी मिळून एकच पूल काढायचा. डावा अर्धा एकाच्या कॅनव्हासवर, उजवा दुसऱ्याच्या. आम्ही होतो तिघी. त्या दोघींनी पटकन जोडी जमवली आणि मला खिडकीकडे ढकललं. तिथे एक उंच मुलगा दोन कॅनव्हास मांडून एकटाच बसला होता.

"जा हिस्के! नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू वाहायचीस."

मागच्या वर्षीची मी टेबलाखाली शिरले असते. आताची मी कुणालाही काहीही विचारू शकते. फक्त... जागी असले पाहिजे.

त्यानं वर पाहिलं. कानाच्या पाळीला निळा रंग लागला होता. "रंगव की! बहिणीनं नाव नोंदवलं आणि स्वतः तापात पडली. मी विब्रेन. तुला पूल काढता येतो?"

"अजिबात नाही."

"छान. मलाही नाही."

"कडेला रेषा जुळल्या पाहिजेत हं," शिकवणारी मारिट ओरडत फिरत होती, "नाहीतर सायकली पाण्यात!"

मी ब्रश बुडवला. चॉकलेटमध्ये.

"तो पाण्याचा कप नाही," विब्रेन म्हणाला.

"माहितीये," मी ऐटीत म्हणाले, आणि रंगाच्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. म्हणजे लावणार होते... त्यानं माझं मनगट धरलं. अगदी हलकेच.

"शेवटचं कधी झोपलीस गं?"

"मंगळवारी." मग खरं सांगून टाकलं, "नीट म्हणशील तर... मागच्या मार्चमध्ये."

तो हसला. मनगट सोडायचं मात्र विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

मग मी सांगत सुटले. पाच वर्षं पहाटे पाचला उठून बर्फावरच्या स्केटिंगच्या ट्रॅकवर जाणं. हातात घड्याळ घेऊन काठावर उभा बाबा. तिथून शाळा, शाळेत डुलक्या. आणि सोमवारपर्यंत सही करायचा तो अर्ज: मोठा संघ, रोज दोनदा सराव, रविवारीसुद्धा.

"आणि मजा येते?"

किती सेकंद लागले, कितवी आलीस, गुडघा कसा आहे, हे सगळे विचारतात. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"पूर्वी यायची," मी म्हणाले. पुढचं आठवत नाही, कारण खिडकीवर पाऊस टपटपत होता, चॉकलेट पोटात गेलं होतं, आणि मी हातात ब्रश धरून चक्क झोपले.

जाग आली ती अनूकच्या खिदळण्यानं. माझ्या हनुवटीवर राखाडी पट्टा. कॅनव्हासवर त्याहून वाईट. पुलाची रेष निघाली होती झोकात, पण कडेपाशी येईतो पार खाली लोंबली होती.

"अरे देवा! तुझंही वाटोळं केलं ना मी?"

विब्रेननं आपला अर्धा भाग शेजारी सरकवला. त्याचा पूल माझ्या लोंबलेल्या टोकापासून सुरू होऊन हळूहळू वर चढत होता. रेष रेषेला बरोब्बर भिडली होती.

"पण मारिटनं दाखवलेल्या नमुन्यात तर पूल सरळ आहे... तू वाकडा का काढलास?"

त्याचे कान लाल झाले. निळ्यासकट. "तुझा पूल दमला होता," तो म्हणाला. "मी एकट्यानंच ताठ उभं राहून काय करू?"

फ्राउकेसुद्धा जवळ येऊन दोन्ही कॅनव्हास वाकून बघू लागली. फ्राउके!

निघताना प्रत्येकानं आपापला अर्धा पूल उचलला. "उद्या दहाला इथेच?" तो दारात म्हणाला. "जोडून बघू... टिकतो का."

"उद्या सराव आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला आवडला नाही. "पण... दहाला थांब हं. माझा पूल घेऊन येते."

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर तो अर्ज, त्यावर पेन. आईनं सूप वाढलं. बाबानं चित्र हातात घेतलं, दूर धरलं, जवळ आणलं.

"पूल खाली चाललाय, हिस्के."

"दमलाय तो, बाबा."

बाबाच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती. पाच वर्षांत मी ती कधी पाहिलीच नव्हती.

मी पेनाला टोपण लावलं.

"आई, बाबा, ऐका. मी सही करणार नाहीये. मोठा संघ नाही, पहाटेचा सराव नाही. कालवा गोठला की त्यावर स्केटिंग करीन, हौसेनं. उद्या नऊपर्यंत मी झोपणार, आणि दहाला एका मुलाबरोबर पूल जोडायला जाणार आहे. आणि बाबा... तूही गजर लावू नकोस."