सेवेरीनच्या ग्लासावरची चकती

खिडकी लावून घे रे, नदीवरून बोचरा वारा येतोय. आणि हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. आमच्या मालवाहू बोटीवरच्या लुडगरची ही गोष्ट. थापा मारणारा माणूस नव्हे. तिरसट मात्र एक नंबरचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी, अकरा नोव्हेंबरची रात्र. कार्निवल सुरू होतो ना, तीच. लुडगर ड्युसेलडॉर्फहून कोलोनला निघाला, थोरल्या भावाला भेटायला. आईच्या दफनाला सेवेरीन उशिरा पोचला, तेव्हापासून दोघांत अबोला. आणि अचानक सेवेरीनचाच फोन आला. "अकरा तारखेला ये. गुत्त्यातल्या माझ्या नेहमीच्या टेबलावर बसू. उशीर झाला तर चिडून उठू नकोस बाबा, एवढं ऐक."

गाडी रखडली. स्टेशनाबाहेर सोंगं काढलेल्यांचा हा लोंढा! जोकर काय, चाचे काय, जो तो गळ्यात पडतोय. लुडगरचं डोकं फिरलं. स्टेशनासमोरच्या कॅथेड्रलकडे त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

बिअरच्या गुत्त्यात निळ्या एप्रनवाल्या वेटरनं न विचारताच दोन ग्लास आदळले.

"अहो, मी एकटाच आहे!"

"बोलण्यावरून ड्युसेलडॉर्फचे दिसता! तरीच आमची रीत ठाऊक नाही. हे सेवेरीनचं टेबल आहे, इथे दोन लागतात."

कोलोनची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ग्लास रिकामा झाला की दुसरा येतो. पुरे झालं, तर वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची.

भाऊ काही येईना. बँड वाजत होता, सगळे हातात हात गुंफून डोलत गात होते. लुडगरचाही पाय ताल धरायला लागला, त्याचाच त्याला राग आला. इतक्यात बघतो तर समोरचा ग्लास रिकामा. वेटरनं भरलेला ठेवला. पुन्हा रिकामा.

"माझ्या भावाची बिअर कोण ढोसतंय?"

"मला काय विचारता? नको असेल तर चकती ठेवा!"

तिथे लुडगरचा तोल गेला. "आईच्या वेळी केलंस तेच आजही केलंस ना, शहाण्या! बस्स झालं तुझं!" त्यानं भावाच्या भरल्या ग्लासावर चकती आपटली आणि उठला.

समोरची रिकामी खुर्ची... किंचित मागे सरकली.

गर्दीचा धक्का असेल, म्हणत तो बाहेर पडला. फोन वाजला. वहिनी, हेडविग.

"भावोजी, कुठे आहात? केव्हाची फोन लावतेय..."

"तुमच्या नवऱ्याची वाट बघत होतो!"

पलीकडून हुंदका.

"हे गेले हो... सकाळीच. शेवटपर्यंत एकच घोकत होते, लुडगर थांबेल ना?"

तो धावत परत आला.

टेबल तेच. सेवेरीनचा ग्लास उघडा. तळापर्यंत रिकामा.

आणि चकती...

लुडगरच्या अर्ध्या ग्लासावर. चिंब ओली.

"दादा?" म्हणाला तो. एवढंच. या खेपेला उशीर त्याला झाला होता.

ती चकती त्यानं माझ्याकडे दिली. घरात ठेववत नाही म्हणाला. दोन हिवाळे मी ती वाळायला हीटरवर ठेवतोय.

ही घे. लाव हात.