लाल रेघेपर्यंत पाणी

कनकाचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा चाळीस झाले होते. कनका नीलांकरैच्या किनाऱ्यावर मासे विकते. आधी तिने नुसतंच "सार, सार" केलं. मग म्हणाली, "अम्मा इल्लै." अम्मा नाहीत. माझ्या बायकोला, कृष्णवेणीला, ती अम्मा म्हणते. कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरताना लाट आली, पाय घसरला. लोकांनी बाहेर काढलं, पण उशीर झाला होता.

मी अकरालाच गच्चीवर जायला हवं होतं. जाताना कृष्णवेणी म्हणाली होती, "अकराला टाकीत पाणी घाला हं. गोडं पाणी. विसरलात तर बघा." एरवी कॅन उचलायला मी तिच्याबरोबर जायचो. त्या दिवशी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दुखत होता, पण तेवढा नव्हता. आणि पाणीही घातलं नव्हतं.

मी बँकेत कारकून होतो. मिरजेहून मद्रासला बदली झाली आणि इथलाच झालो. बायको तंजावरच्या मराठी घरातली. पेरुंगुडीत आमचं जुनं घर आहे. आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या, तरी दहा ते तीन गच्चीवर ऊन येतं. त्या उन्हावर तिने प्रवाळांची टाकी जगवली. सिमेंटची, कमरेएवढी उंच, समोर काच. दिवे नाहीत. पाणी फिरवायला एक पंप आणि वर हिरवी जाळी. मे महिन्यात ती बर्फ केलेल्या बाटल्या पाण्यात तरंगत ठेवायची. कठीण प्रवाळ घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तिच्याकडे मऊ जातीचे होते. त्यांच्या मध्येमध्ये पिसांसारखे पंखे उघडणारे किडे. त्यांना ती विसिरी म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये हातपंखा. जरा सावली पडली की विसिरी झटकन मिटतात.

काचेवर तिने नेलपेंटने लाल रेघ ओढली होती. ऊन रोज दोन बोटं पाणी नेतं, पण मीठ नेत नाही. म्हणून रोज रेघेपर्यंत गोडंच पाणी घालायचं. समुद्राचं पाणी महिन्यातून एकदा, तेही तेवढंच जुनं काढून. हे तिने मला शंभर वेळा सांगितलं असेल.

नऊ दिवस तिचा भाऊ सुधींद्र आणि त्याची बायको रंजनी आमच्याकडे राहिले. रंजनी टाकीत पाणी घालत होती. अस्थींचं मडकं घरात ठेवत नाहीत, म्हणून मी ते गच्चीवर जिन्याच्या छपराखाली खिळ्याला टांगलं होतं. दहाव्या दिवशी ते पिशवीत घेऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुधींद्र गुरुजींना आणायला गेला. कनकाने तिचे दोन कॅन जपून ठेवले होते, ते माझ्यापुढे ठेवले. मी ते भरले.

सुधींद्र परत आला आणि बघत राहिला.

"भावोजी, हे काय?"

"टाकीला पाणी लागतं."

"आणि अक्का?"

"पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी म्हणायला ही काय बस आहे? अय्यो भावोजी! अक्का म्हणायचीच, यांना एक काम सांगावं तर दुसरंच करून येतात."

गुरुजी घड्याळ बघत होते. मी मडकं दिलं नाही. संध्याकाळी सुधींद्र रंजनीला घेऊन अण्णा नगरला आपल्या घरी गेला.

त्यानंतर मी रोज रिक्षाने जायचो. मडकं घेऊन जायचो आणि मडकं घेऊनच परत यायचो, पुन्हा खिळ्याला टांगायचो. दोन्ही कॅन टाकीत ओतायचो. समुद्रातले जीव आहेत, समुद्राचं पाणी घालावं, एवढंच मला सुचत होतं. तिचं सांगणं मला आठवलं नाही असं नाही. त्या पाण्यात ती शेवटची होती, ते पाणी मला घरी हवं होतं.

पाचव्या दिवशी सगळे प्रवाळ मुठीसारखे आवळले होते. विसिरी एकही उघडी नव्हती. तिच्या मीठ मोजायच्या नळीवर टाकीतला थेंब टाकला आणि उन्हाकडे धरून पाहिली. पस्तीस हवं. एकेचाळीस होतं. तिचं म्हणून एवढंच जिवंत उरलं होतं, आणि तेही मी मारायला निघालो होतो. जेवलो नाही. खाली जाऊन पडून राहिलो.

सकाळी वर गेलो तर सगळे उघडे होते. पाणी बरोबर लाल रेघेला. नळीत पस्तीस.

नळी बिघडली असेल म्हणून गोडं पाणी घालून पाहिलं. शून्य दाखवलं. ती बरोबर होती. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आदल्या दिवशी आणले होते. दोन्ही रिकामे. रंजनीला फोन केला.

"तुम्ही आला होता का इकडे?"

"नाही भावोजी. किल्ली तुमच्याकडेच आहे की." मग म्हणाली, "नीट झोपता ना?"

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच खुर्ची घेऊन टाकीसमोर बसलो. अग्निनक्षत्राचं, म्हणजे मे महिन्यातलं सगळ्यात कडक ऊन. गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आभाळात ढग नव्हता. जाळी हलत नव्हती. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

अकराला जिन्याकडच्या टोकाची विसिरी मिटली.

ती उघडली तशी तिच्या शेजारची मिटली. मग पुढची. एकेक करत, माणूस चालतो त्या चालीने, टाकीच्या पलीकडच्या कडेने. जिथे उभी राहून वेणी पाणी घालायची तिथे पोचल्यावर मिटणं थांबलं. तिथल्या मिटलेल्याच राहिल्या.

पाणी चढू लागलं. आवाज नव्हता.

"वेणी," मी म्हणालो. "माझा गुडघा तेवढा दुखत नव्हता."

पाणी रेघेला लागलं. मग विसिरी उलट्या क्रमाने, एक मिटत आणि मागची उघडत, जिन्याच्या टोकापर्यंत मिटत गेल्या. माझ्यासमोरच्या सात होत्या. त्या पूर्ण वेळ उघड्याच राहिल्या.

त्याला आज बावीस दिवस झाले. मी रोज बसतो. माझ्या बाजूची एक तरी मिटावी म्हणून बसतो. मिटत नाही. टाकीला माझी गरज नाही.

काल मडक्याकडे लक्ष गेलं. बाहेरून पांढरा थर आला होता. खिळ्यावरून उतरवताना दोन्ही हात लागले. तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. आत गळ्यापर्यंत पाणी होतं, स्वच्छ. नळीवर एक थेंब टाकला आणि उन्हाकडे धरली.

एकेचाळीस. त्या दिवशी टाकीत होतं तेवढंच.

सुधींद्र रोज फोन करतो. मी पुढच्या आठवड्यात म्हणतो. अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.