न आटणारी पट्टी

सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, हे हुसेनसाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. नवी पेठेत त्यांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान. दर एप्रिलला तीच रडगाणी. गिटारच्या गळ्यावरची लाकडी पट्टी आकसते, तिच्यात बसवलेल्या धातूच्या आडव्या फ्रेटची टोकं कडेनं बाहेर डोकावतात आणि वाजवणाऱ्याचा हात खरचटतो. कानशीने टोकं घासायची, विषय संपला.

नातेपुत्याच्या रंभाबाईंनी आणलेल्या गिटारला मात्र ती कटकट नव्हती. तिची पट्टी कृत्रिम होती. ऊन-पाणी तिला बाधत नाही. फक्त फ्रेट झिजले होते.

"शिवराजची हाय, माझ्या लेकाची," रंभाबाई म्हणाल्या. "तीन वर्सं झाली, घरातनं गेला त्यो गेलाच. भावकी म्हणती, आता वाट बगू नका. सोमवारी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा ठरलाय. मागनं गिटार भाच्याला देऊ म्हणलं, नीट करून."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कोन इचारतंय, हुसेनभाई? एक खूण घावली असती, तर आडवी पडले असते की."

हुसेनसाबांनी जुने फ्रेट तापवून, पट्टीचा टवका उडू न देता अलगद उपटले. नवे चिकटवले, टोकं घासली, कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. जुम्मा होता, म्हणून नमाजला निघण्याआधी स्वतःची नखं कापली आणि दुकान बंद केलं.

शनिवारी सकाळी टोकं बाहेर आली होती.

आपलंच काम कच्चं राहिलं, म्हणून ते स्वतःवर चिडले. पुन्हा घासली. रविवारी पुन्हा तेच. पट्टीला माप लावून पाहिलं, ती केसभरही आटली नव्हती. कानशीखालचा भुगा धातूसारखा चमकत नव्हता. पांढरट होता, चिमटीत मऊ लागत होता, नखांच्या भुग्यासारखा.

घासता घासता कानस जरा खोल गेली. फ्रेटच्या टोकाशी लाल थेंब आला.

हुसेनसाबांनी आपली दहाही बोटं निरखून पाहिली. एकही कापलं नव्हतं.

त्यांना भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज. फोन करून त्या माउलीला सांगायचं तरी काय? या वयात लोक वेड्यात काढतील. हातात घेतलेला फोन त्यांनी परत खिशात टाकला.

सोमवारी टोकं परत वाढलेली. लाल जागेवर खपली धरली होती.

आता मात्र त्यांनी कानस न उचलता फोन लावला.

"रंभाबाई, आजचं थांबवा. का ते विचारू नका."

पलीकडे वारा आणि कसलीतरी तडतड ऐकू येत होती.

"आत्ताच अग्नी दिला की," रंभाबाई म्हणाल्या. "तुमी आदी का न्हाय बोलला?"

फोन ठेवून हुसेनसाबांनी गिटार मांडीवर घेतली आणि पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

कड गुळगुळीत होती.