आलो रे, थांब!

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी स्वतः त्या बोटीत होतो. आणि ही रात्रीची गोष्ट नाही. चांगलं उजाडलेलं होतं.

फक्त धुकं होतं.

नदी समुद्राला मिळते तिथली खाडी तपासायचं काम माझ्या मामाकडे होतं. पाणी, गाळ, मासे, सगळंच. "मी खाडीचा डॉक्टर," म्हणायचा. "पेशंट गुणाचा आहे. तुझ्या मामीसारखी कटकट करत नाही."

मी त्याची बोट चालवायचो.

त्या आठवड्यात मासे पोट वर करून तरंगायला लागले होते. पाण्यातला प्राणवायू मोजणारं यंत्र खाडीच्या मधोमध एका खांबाला बांधलेलं होतं. ओहोटीला तिथे चिखलाचा उंचवटा उघडा पडतो. मामा यंत्र आणायला उतरला. भरतीच्या आत परतायचं होतं. उशीर झाला की पाय चिखलात रुततात आणि पाणी चढत जातं.

धुक्यात आमची एक पद्धत होती. मी हाक मारायची. काम चालू असेल तर त्याने म्हणायचं, "आहे." निघाला की म्हणायचं, "आलो." ते ऐकल्याशिवाय मी इंजिनाला हात लावायचा नाही.

"मामा?"

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा.

"मामा?"

"आहे..."

बोटीखालचं पाणी हलायला लागलं. भरती लागली होती.

"मामा, आटप ना!"

मग बोट एका बाजूला कलली. मी दचकून वळलो. मामाच होता. पुढच्या फळीवर माझ्याकडे पाठ करून बसला.

"अरे, 'आलो' म्हणायला काय झालं? जीव टांगणीला लागला ना माझा! यंत्र कुठंय?"

आणि तेवढ्यात धुक्यातून...

"आलो!"

मामाचा आवाज. धापा टाकत.

"आलो रे, थांब!"

मी समोर बघितलं. तोच शर्ट. तीच टोपी. मानेवरचा तीळही तोच.

"मामा?" मी कसाबसा म्हणालो.

"चल," समोरचा म्हणाला. मान न वळवता. मामाच्याच आवाजात.

"थांब रे! पाय रुतलाय माझा!" धुक्यातला ओरडला.

डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की कानांवर?

मी प्रचंड घाबरलो होतो. इंजिन सुरू केलं.

धक्क्यावर तो उतरला तेव्हा माझं लक्ष त्याच्या बुटांकडे गेलं. चिखलाचा ठिपकाही नव्हता.

मी तसाच उलटा फिरलो. घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. उंचवटा पाण्याखाली गेला होता. खांबाचं टोक तेवढं वर होतं. दोरी सुटलेली होती... यंत्र कोणीतरी नीट सोडवून घेतलं होतं.

ते आजवर सापडलेलं नाही.

मामा घरी आहे. जेवतो, पेपर वाचतो, हसतोसुद्धा. खाडीचं नाव मात्र काढत नाही. लोक म्हणतात, वय झालं.

परवा मामी मला म्हणाली, "एक बरं झालं बघ. जन्मभर घोरून माझ्या झोपेचं खोबरं केलं यांनी. हल्ली रात्री श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

मी हसलो. तिला काय सांगणार?

घरी कोणाला आणलं, त्याची भीती वाटतेच. पण तिथे कोणाला सोडून आलो, ते मला झोपू देत नाही.