खाली बसणारं रक्त

मध्य भारत राज्य आलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण तुकोगंजात डॉक्टर रघुवीरांच्या रक्ततपासणीच्या खोलीतला नियम काही बदलला नाही. दिवे लागायच्या आत सगळ्या नळ्या धुतल्या गेल्याच पाहिजेत! एकदा एक नळी राहिली, तर त्यांनी मदतनीस शंकररावांची अशी हजेरी घेतली की बिचाऱ्यांना जेवण गोड लागेना.

काम तसं सोपं. रक्तात न गोठण्याचं औषध घालायचं आणि नळी उभी करून ठेवायची. लाल भाग हळूहळू खाली बसतो, वर पिवळसर पाणी उरतं. जितक्या लवकर बसेल तितकं दुखणं मोठं.

त्या दिवशी नळीत त्यांच्या बायकोचं, रमाचं रक्त होतं. ताप एकदा उतरून पुन्हा उलटला होता आणि ती मागच्याच खोलीत ग्लानीत पडली होती. रघुवीरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बघतात तो लाल भाग केव्हाच तळाला. पुन्हा बघावं म्हणून त्यांनी नळी उलटसुलट केली. रक्त एक झालं, आणि आतून आवाज आला, "अहो, जरा पाणी देता का?"

नळी ठेवून ते पाणी घेऊन गेले, तर रमा पुन्हा ग्लानीत. नाडी हाताला लागेना. परत आले. लाल भाग तळाला.

छे! योगायोग, दुसरं काय? तरी त्यांनी नळी हलवली. आत पलंग करकरला, रमा खोकली. हात थांबला, तशी तीही थांबली.

मग शास्त्र गेलं खड्ड्यात. तिच्या उशाशी बसून ते दुपारभर नळी डुलवत राहिले. खांदा भरून आला.

उन्हं कलली आणि रमा उठून बसली. "अहो, भूक लागलीय हो."

तापाचा मागमूस नव्हता. भीत भीत त्यांनी नळी बाहेर नेऊन उभी केली, बराच वेळ पाहिलं. रक्त एकसंधच राहिलं. रघुवीरांना रडूच कोसळलं. आत जाऊन त्यांनी तिला स्वतःच्या हातानं मऊ भात भरवला.

बाहेर आले, तर शंकरराव हात पुसत उभे.

"डॉक्टरसाब, सगळ्या नळ्या एकदम साफ! दिवे लागायच्या आधीच हो."

फळीवर नळ्या उलट्या वाळत होत्या.

रघुवीर आत धावले.

रमा वेणी घालत होती. "असे काय बघताय? मला तर एकदम हलकं वाटतंय."

त्यांनी तिचं बोट धरलं. सुई टोचली.

"अगबाई, दुखलंसुद्धा नाही," ती हसली.

थेंब आला. पिवळसर पाण्याचा.

त्यांनी बोट दाबलं. दुसरा आला, तोही तसाच.