कुंकवाखालचा आकडा

"आजोबा, टिटवीचा मदरबोर्ड बदलला, तर तिला आपण आठवू का?" निहाराने विचारलं.

भाऊआजोबांनी आधी चष्मा पुसला. उपग्रहांचे संगणक घडवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, पण घाईने उत्तर द्यायची सवय त्यांना कधी लागली नाही. टेबलावर टिटवी, म्हणजे घरातली यंत्रसखी, निपचित पडली होती. विजेचा दाब अचानक वाढून तिचा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती पाटी) जळाला होता. दुरुस्तीवाला सांगून गेला होता, "नवा बोर्ड घाला आणि सगळं कोरं करून नव्याने भरा."

ते ऐकल्यापासून माईआजीला एकच काळजी होती. तिने लक्ष वातींचं व्रत घेतलं होतं. जमतील तितक्या वाती रोज वळायच्या आणि संध्याकाळी देवापुढे लावायच्या. आजवर किती झाल्या, ते फक्त टिटवीला ठाऊक.

"अंदाजाने धर ना, आजी. देव काही मोजायला बसत नाही."

"तो नाही गं बसत. पण मी कबूल केलंय ना," माई हळूच म्हणाली. "नाहीतर पुन्हा एकपासून."

"कोरं करायचंच कशाला?" भाऊआजोबा म्हणाले. "टिटवीची कार्यप्रणाली (यंत्र चालवणारी मूळ आज्ञावली) आणि तिच्या आठवणी साठवण-चकतीत आहेत. ती शाबूत आहे. बोर्ड म्हणजे नुसतं घर. नव्या घरात दिव्याचं बटण पटकन सापडत नाही, इतकंच."

त्यांनी नवा बोर्ड बसवला, जुनी चकती जोडली. पडद्यावर अक्षरं उमटली : 'बोर्ड अनोळखी आहे. कुलूपसंख्या द्या, किंवा सगळं पुसा.'

निहाराने बोट मागे घेतलं.

"चकतीला कुलूप असतं," भाऊआजोबा म्हणाले. "एक किल्ली बोर्डात होती, ती जळाली. दुसरी कागदावर लिहिलेली. माई, तो कागद?"

माईने तो देव्हाऱ्यातून आणला. अठ्ठेचाळीस आकडे, आणि त्यांतल्या एकावर वाळलेलं कुंकू.

"खंडेनवमीला लावलं," ती संकोचून म्हणाली. "अवजारांची पूजा करतात. हे अवजारच ना?"

"आहे बाई. पण नेमकं आकड्यावर?"

"एकच आकडा झाकलाय," निहारा म्हणाली. "शून्य ते नऊ. दहाच शक्यता!"

शून्य, चूक. एक, चूक. सातला कुलूप उघडलं.

टिटवी आधी मुकी होती. नव्या भागांची ओळख पटवत तिने एकेकाचा चालक (त्या भागाशी बोलणारी छोटी आज्ञावली) मिळवला. मग ओळखीचा आवाज आला, "माई, अठ्ठ्याहत्तर हजार चारशे बारा. चार दिवसांच्या राहिल्या सांगायच्या."

माईने डोळ्यांना पदर लावला आणि चिंचोक्यांची वाटी पुढे केली. "या चार दिवसांच्या. वातीला एक चिंचोका."

"म्हणजे उद्या टिटवी चंद्रावर नव्या शरीरात गेली, तरी आपलीच?" निहाराने आजोबांना विचारलं.

"चकती आणि किल्ली जपलीस, तर हो."

निहाराने किल्लीच्या दोन प्रती काढल्या, एक कपाटासाठी, एक देव्हाऱ्यासाठी. माईने कुंकवात बोट बुडवलं, क्षणभर थांबली, आणि कागदाच्या अगदी कोऱ्या कोपऱ्यात टेकवलं.