पट्ट्याचा पत्ता

हरवलेल्या मेंढीने उत्तर पाठवलं, "पाणी सहा फूट." याचा अर्थ काय?

बानूला एकच अर्थ सुचला. तिने फोन आबांपुढे धरला. आबांनी तो दोनदा वाचला.

"विहिरीत गेली गं ती," ते म्हणाले. "आता थांबून उपयोग नाही. उद्या इथला तळ हलवू."

कवडीला बानूने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता ती गाभण होती आणि चार दिवसांपासून घाटात बेपत्ता होती. प्रत्येक मेंढीच्या गळ्यात उन्हावर चालणारा, ठावठिकाणा कळवणारा पट्टा होता. पट्टे बसवणाऱ्या बाईंनी सांगितलेला आकडा आबांनी वहीत जपून उतरवला होता. पन्नाशीत अक्षरं शिकलेल्या त्या हाताने वर लिहिलं होतं, 'कवडीचा पट्टा'. त्याच आकड्यावर बानूने विचारलं होतं, "कुठे आहेस?"

ती मोबाइलच्या टॉवरखाली जाऊन रडत बसली. टॉवर दुरुस्त करणारा यंत्रमानव वरून उतरला. धनगर त्याला माकड्या म्हणत.

"माझ्या खांबाला गंज चढेल. रडायचं कारण सांग."

बानूने वही दाखवली.

"हा पट्ट्याचा नंबर नव्हे. हा पत्ता आहे. इंटरनेटवरून आलेला निरोप कुठे पोचवायचा, ते सांगणारा आकडा."

"आबांनी पट्टा लिहिलंय."

"बाई पत्ता म्हणाल्या असतील. मेंढरांच्या कालव्यात आबांना पट्टा ऐकू आला. ट आणि त, एवढाच फरक."

"मग पाणी कुठलं?"

"पत्त्यांचा एक साठा असतो. एखादं उपकरण मोबाइलच्या जाळ्यात शिरलं, की त्यातला मोकळा पत्ता त्याला वापरायला मिळतो. कवडीच्या पट्ट्याचा संपर्क तुटला, तसा तिचा पत्ता साठ्यात परत गेला. तो आता कुठल्यातरी गावच्या पाण्याच्या टाकीला मिळालाय. तू टाकीला विचारलंस, टाकीने पाणी सांगितलं."

बानू विचारात पडली. "आम्ही घोलपांच्या रानातून तळ हलवला, की तिथे दुसऱ्यांची मेंढरं बसतात. तसं?"

"तसंच. घोलपांच्या रानात आबांना हाक मारलीस, तर भलताच माणूस ओ देईल."

"म्हणजे बुडाली नाही?"

"ते मला माहीत नाही. टाकीलाही नाही."

बानूचा चेहरा पुन्हा पडला. बुडालेली मेंढी निदान एका जागी तरी होती. आता ती कुठेच नव्हती.

"पट्ट्यात सिम आहे," माकड्या म्हणाला. "सिम (जाळ्याला उपकरणाची ओळख पटवणारी चिप) बदलत नाही. पत्ता कितीही बदलो, तिची नोंद राहते. पण मालकाच्या होकाराशिवाय मी ती पाहू शकत नाही."

बानू धावत जाऊन आबांना घेऊन आली. आबांनी यंत्राकडे संशयाने पाहिलं.

"माझी मेंढी आहे. बघ," ते म्हणाले.

माकड्याचा दिवा लुकलुकला. "काल दुपारी कुंभखिंडीच्या टॉवरने त्या सिमला नवा पत्ता दिला. अकरा मिनिटांसाठी. पट्ट्याला ऊन लागलं असावं."

"जिवंत आहे?" बानूने विचारलं.

"पट्टा चालू होता. मेंढीचं मला कळत नाही. ऊन तर पडलेल्या पट्ट्यालाही लागतं."

कुंभखिंड दोन कोसांवर होती आणि सगळी चढण.

"पुन्हा संपर्क झाला, तर नवा पत्ता कळवीन," माकड्या म्हणाला.

आबांनी काठी उचलली. "तळ परवा हलवू. चल."

निघताना बानूने वहीतल्या 'पट्टा'मधला ट्ट खोडून त्त केला. जुना आकडाही खोडला आणि खाली एक ओळ कोरी ठेवली. 'कवडी' हा शब्द मात्र तसाच राहू दिला.

दुपार व्हायला अजून वेळ होता. फोन मुठीत धरून ती आबांच्या मागे चढू लागली.